पिलाताचे पाणी

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे जुन्या गोव्याला गेलो होतो. चर्च पाहून झाल्यावर गाईडने इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, हकिगत सांगितली आणि मन बेचैन झाले. तुम्ही स्वतः ख्रिस्ती आहात म्हणून तुम्हालाच विचारतो, राग मानू नये. एका गालावर कोणी मारले तर दुसरा पुढे करा, असे सांगणाऱ्या येशूच्या नावाने माणसे जाळली कशी गेली? हे पाप धर्माच्या खाती मांडायचे की पोर्तुगीज राज्याच्या? (एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : राग कसला? हा प्रश्न आम्हीच आम्हाला विचारायला हवा. मी वसईची कॅथलिक. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, रविवारचा मिस्सा चुकवत नाही, आणि म्हणूनच या बाबतीत गुळमुळीत उत्तर देणे मला जमत नाही.

पाप कोणाच्या खाती, हे कधी ठरूच नये अशी त्या व्यवस्थेची बांधणी होती. धर्मन्यायालय कागदोपत्री कोणालाही ठार मारत नसे. आरोपी पाखंडी ठरला आणि पश्चात्ताप करेना, किंवा एकदा माफी मिळूनही पुन्हा सापडला, की त्याला 'लौकिक सत्तेच्या हाती' सोपवले जाई. सोपवताना 'याच्याशी दयेने वागा' अशी विनंतीही केली जाई. पुढे राजाचे न्यायाधीश त्याला जाळत. त्यांनी खरोखरच दया दाखवली असती, तर पाखंड्याचे पाठीराखे म्हणून त्यांच्यावरच बालंट आले असते. धर्मगुरू म्हणणार, आम्ही फक्त मताचा निवाडा केला. राजाची माणसे म्हणणार, आम्ही फक्त चर्चचा निवाडा अमलात आणला. माणूस मेला आणि दोघेही नामानिराळे.

खुद्द येशूला याच रीतीने मारले होते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त जाळते. प्रमुख याजक त्याला रोमन सुभेदार पिलातापुढे उभे करतात आणि सांगतात, कोणाला जिवे मारण्याचा अधिकार आम्हाला नाही. पिलात पाणी मागवतो, लोकांदेखत हात धुतो आणि त्याला क्रुसावर द्यायला सोपवतो. गुड फ्रायडेच्या आठवड्यात येशूच्या दुःखसहनाची ही कथा जगभरच्या चर्चमध्ये वाचली जाते. इन्क्विझिटरही, म्हणजे त्या न्यायालयाचे न्यायाधीशही, ती वाचत होते, ऐकत होते. त्यातून स्वतःला ओळखण्याऐवजी त्यांनी सगळ्या यहुदी लोकांना अपराधी ठरवले, आणि गोव्यातल्या इन्क्विझिशनचा पहिला रोख होता तो यहुदी वंशाच्या नवख्रिस्ती, म्हणजे धर्मांतरित, कुटुंबांवर.

गार्सिया द ओर्ता हा त्यांतलाच एक. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात स्थायिक झालेला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आपल्या मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. मेलेल्या माणसाचा खटला चालवून त्याच्या हाडांना शिक्षा देणाऱ्यांना धर्म राखायचा होता की दरारा, हे वाचकांनीच ठरवावे.

आता राज्याची बाजू. पोर्तुगालमधले इन्क्विझिशन १५३६ मध्ये सुरू झाले, ते तिथल्या राजाने, तिसऱ्या जुआंवने, पोपकडे हट्टाने मागून घेतले म्हणून. राजाचा सख्खा भाऊ एन्रिक हा कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचा धर्माधिकारी, होता आणि मुख्य इन्क्विझिटरही. पुढे तो राज्याचा कारभारी झाला आणि १५७८ मध्ये स्वतःच गादीवर बसला. एकाच माणसाच्या डोक्यावर कार्डिनलची टोपी आणि राजाचा मुकुट! गोव्याचा बिशप कोण हे पोर्तुगालचा राजा सुचवी, चर्चचा खर्च तोच करी. 'पाद्रुआदो' म्हणतात तो हाच करार. संत फ्रान्सिस झेविअर यांनी १५४६ मध्ये आंबोन बेटावरून पत्र पाठवून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले, ते राजाकडे. १५६० मध्ये इन्क्विझिटर गोव्यात उतरले आणि आदिलशहाच्या जुन्या वाड्यात त्यांचे न्यायालय बसले. लोक त्याला 'व्हडलें घर' म्हणत. झेविअर आमच्या घरोघरी पूजनीय आहेत. तरी हे पत्र झाकून ठेवण्यात मला त्यांचा मान दिसत नाही.

ही सवय मात्र गोव्याहून हजार वर्षे जुनी आहे, आणि तिची सुरुवात कळली की तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक स्वतः मार खात होते. तेव्हा त्यांचे लेखक धर्मस्वातंत्र्याची बाजू जीव तोडून मांडत. कार्थेजचा तर्तुल्लियन रोमन सुभेदाराला लिहितो की धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने छळ थांबवला. ३८० मध्ये थिओडोसियसने एका विशिष्ट ख्रिस्ती मताला राजमान्यता दिली आणि बाकीच्यांना पाखंडी ठरवले. त्यानंतर पाच-सहा वर्षेही उलटली नव्हती, तोच एका बिशपचे मुंडके उडवले गेले. फिर्याद केली होती दुसऱ्या बिशपांनी.

त्याचे नाव प्रिसिलियन, स्पेनमधल्या आव्हिला गावचा बिशप. कडक उपास, ब्रह्मचर्य, गुप्त बैठका, बायकांचा मोठा सहभाग. बाकीच्या बिशपांना हे खुपले. बोर्दोला धर्मसभा भरली. तिथे आपल्याला न्याय मिळणार नाही असे दिसल्यावर प्रिसिलियनने स्वतःच सम्राटाकडे दाद मागितली. म्हणजे राज्याला मध्ये ओढण्यात बळी पडलेलाही सामील होता. सम्राट मॅक्सिमस तेव्हा जर्मनीतल्या ट्रिअर गावी होता. आता पाखंड हा राज्याच्या कायद्यात थेट देहदंडाचा गुन्हा नव्हता, म्हणून आरोप लावला जादूटोण्याचा.

संत मार्टिन तेव्हा ट्रिअरलाच होते. आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणारे ते हेच, तूरचे बिशप. त्यांना प्रिसिलियनचे मत मुळीच मान्य नव्हते. तरी त्यांनी सम्राटापुढे हात जोडले की रक्त सांडू नका, बिशपांनी चर्चबाहेर काढले एवढी शिक्षा पुरे, चर्चच्या खटल्याचा निवाडा राजाच्या न्यायाधीशाने करावा हे आजवर कधी झालेले नाही. सम्राटाने शब्द दिला. मार्टिन गाव सोडून गेल्यावर बाकीच्या बिशपांनी तो फिरवला. मुख्य फिर्यादी बिशप इथासियस, त्याने शेवटच्या सुनावणीला काय करावे? देहदंडाच्या खटल्यात फिर्यादी म्हणून दिसलो तर इतर बिशप नावे ठेवतील या भीतीने तो मागे सरला आणि त्याच्या जागी सरकारी खजिन्याचा वकील उभा राहिला. (मालमत्ता जप्त होणार होती, तेव्हा खजिन्याचा वकील योग्यच म्हणायचा.) ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन, एउक्रोशिया नावाची एक विधवा आणि आणखी काही जणांचा शिरच्छेद झाला. गोव्यात पुढे जे नियमाने होणार होते, त्याचा कित्ता इथे गिरवला गेला.

मिलानचे संत अँब्रोज यांनी या फिर्यादी बिशपांबरोबर ख्रिस्तप्रसाद घ्यायला नकार दिला. मार्टिननीही दिला. मग सम्राटाने पेच टाकला: स्पेनमध्ये पाखंडी हुडकायला सैनिक निघालेत, तुम्ही या बिशपांबरोबर वेदीपुढे उभे राहिलात तर त्यांना थांबवतो. मार्टिननी त्या लोकांचे जीव वाचवण्यासाठी एक दिवस मान तुकवली आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडले. त्यांचा चरित्रकार सांगतो की त्यानंतरची सोळा वर्षे ते बिशपांच्या एकाही सभेला गेले नाहीत. येशूची शिकवण विसरली गेली असे आपण सरसकट म्हणतो, ते तितकेसे खरे नाही. ती लख्ख आठवत असलेली माणसे त्या गावात हजर होती. त्यांना बाजूला सारून ते रक्त सांडले.

पुढे संत ऑगस्टीनसारखा थोर विचारवंतही डळमळला. उत्तर आफ्रिकेतल्या दोनातिस्त पंथाशी वाद घालताना आधी तो सक्तीच्या विरोधात होता. मग सम्राटाच्या कायद्यांच्या धाकाने गावेच्या गावे परत आलेली त्याने पाहिली आणि मत बदलले. 'घर भरेपर्यंत लोकांना आत यायला भाग पाड' हे येशूने सांगितलेल्या मेजवानीच्या दाखल्यातले वाक्य त्याने सक्तीच्या समर्थनाला वापरले. देहदंड मात्र त्याला नको होता. तसे त्याने अधिकाऱ्यांना कळवळून लिहिले. त्याच्यामागून आलेल्यांनी दाखला उचलला, कळवळा सोडून दिला.

प्रश्न : आमचे कुलदैवत मंगेश. पोर्तुगिजांच्या जुलमामुळे देव हलवावा लागला आणि आमच्या पूर्वजांनी घरदार सोडले, हे लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या समाजाच्या एका बैठकीत असा विचार निघाला की गोव्याच्या आजच्या ख्रिस्ती लोकांनी याबद्दल आमची माफी मागावी. आपले काय मत? (एक भगिनी, दादर)

उत्तर : ताई, तुमच्या घरात जपलेली आठवण खरी आहे. मंगेशाचे लिंग १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीहून झुवारी नदीपलीकडे प्रियोळला गेले. ती जागा तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होती. केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला आली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचे देऊळ बांधून दिले. देवळे पाडण्यापेक्षाही मला जास्त अमानुष वाटतो तो १५५९ चा राजाचा हुकूम. हिंदूंची पोरकी मुले जेझुइटांच्या (येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या) सेंट पॉल कॉलेजात आणून त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असे त्यात फर्मावले होते. बाप मेला की पोर सरकारजमा.

पण माफी कोणाकडून मागायची, याचा नीट विचार करू या. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. धर्मांतरात अडथळा आणल्याच्या किंवा बाटलेल्यांना परत फिरवल्याच्या आरोपावरून हिंदूही सापडत, पण बाहेरच्या हिंदूला पळून जायला आदिलशाहीचा मुलूख जवळ होता. ज्याच्या डोक्यावर एकदा पाणी पडले तो मात्र आयुष्यभर त्या न्यायालयाच्या कक्षेत. १७७४ पर्यंत सुमारे सोळा हजार खटले झाले. सुरुवातीचा यहुदी नवख्रिस्तींचा भर ओसरल्यावर आरोपींत मोठा भरणा होता तो स्थानिक बाटलेल्यांचा, म्हणजे आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती लोकांच्या पणज्या-खापरपणज्यांचा. त्यांच्यावरचे आरोप तरी काय? १७३६ चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा वाचला की पोटात कालवते. ख्रिस्ती घराने अंगणात तुळस लावू नये. मिठावाचून भात शिजवू नये. लग्नात ओव्या गाऊ नयेत, हळद लावू नये. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. तुमच्या पूर्वजांनी देव घेऊन गाव सोडले. जे राहिले, त्यांच्या भातातल्या मिठावरही पहारा बसला. त्यांच्या नातवंडांनी कोणाची माफी मागावी?

गोव्याच्या न्यायालयाचा अंमल आमच्या वसईवरही होता. माझ्या पूर्वजांपैकी कोणी 'व्हडल्या घरा'ची वाट तुडवली का, हे मला कधीच कळणार नाही, कारण त्या खटल्यांचे बहुतेक कागद इन्क्विझिशन बंद झाल्यावर नष्ट केले गेले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तहाच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा दिली. पोर्तुगिजांच्या हाताखाली हिंदूंनी जे सोसले ते ताजे असताना ही मुभा मिळाली. आम्ही आज वसईत आहोत त्यात त्या कलमाचा वाटा आहे.

कुंकळ्ळीचीही एक गोष्ट सांगते. १५८३ च्या जुलैत तिथल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुडॉल्फ अक्वाविवा होता. हे लोक चर्चसाठी जागा ठरवायला आले होते. पण सैन्याने गावाची देवळे पाडली तेव्हा त्यांच्यातले काही जण सैन्याबरोबर होते. गावाने झगा आणि तलवार एकत्रच पाहिली होती. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या नायकांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा करून मारले. चर्चने त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये 'धन्य' घोषित केले. नायकांचे स्मारक मात्र त्यानंतर फार उशिराने झाले. आज कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्प्याला आहे आणि तिच्या सांत्रयोच्या उत्सवात बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या, छत्र्या कुंकळ्ळीत मिरवतात. त्या वांगडांत हिंदू आहेत तशी ख्रिस्ती घराणीही आहेत. तुमच्या बैठकीला माझे सांगणे एवढेच की एकदा तो उत्सव पाहून या. माफी मागायची ती त्या न्यायालयाच्या वारसांनी, म्हणजे चर्चच्या संस्थेने आणि पोर्तुगालच्या राज्याने. कुठ्ठाळीच्या रांपणकार कोळ्याने नव्हे.

प्रश्न : मी एम.ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. रोमच्या चर्चविरुद्ध बंड करणाऱ्या प्रोटेस्टंट सुधारकांनी हा प्रकार थांबवला, असे परीक्षेत लिहिले तर चालेल का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नको रे बाळा, मार्क जातील आणि खरेही होणार नाही. प्रोटेस्टंट झुरिकच्या नगरपरिषदेने १५२७ च्या जानेवारीत फेलिक्स मांझ याला लिमात नदीत बुडवून मारले. मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा, असे तो शिकवी. स्पेनचा मिगेल सर्व्हेट त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धांत नाकारणारा. तो फ्रान्समधल्या कॅथलिक इन्क्विझिशनच्या तुरुंगातून निसटला. मागे त्याचा पुतळा जाळून त्यांनी समाधान मानले. तो जिनिव्हात पोहोचला तर तिथे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने त्याला ओळखून पकडवले आणि २७ ऑक्टोबर १५५३ रोजी खराखुरा जाळला. मताचे आरोप कॅल्विनने मांडले, शिक्षा नगरपरिषदेने दिली. पुन्हा तीच विभागणी. बॉस्टनच्या प्युरिटनांनी (कडव्या प्रोटेस्टंटांनी) १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईला फाशी दिली, आणि हे लोक इंग्लंडातला जाच चुकवून तिथे गेलेले.

लिहायचेच असेल तर सेबास्तियन कास्तेलियोवर लिही. आधी जिनिव्हात शिक्षक, मग बाझेलमध्ये गरिबीत राहून बायबलचे भाषांतर करणारा. सर्व्हेटला जाळल्यावर त्याने कॅल्विनला उत्तर लिहिले: माणसाला मारणे म्हणजे सिद्धांताचे रक्षण करणे नव्हे, माणसाला मारणे. ते पुस्तक त्याच्या हयातीत छापता आले नाही. १६१२ मध्ये हॉलंडमध्ये छापले गेले. आणि रॉजर विल्यम्स. मॅसॅच्युसेट्सने हद्दपार केल्यावर त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले आणि तिथे राज्याला कोणाच्या श्रद्धेत हात घालू दिला नाही. तो नास्तिक नव्हता, उलट अतिशय कडवा ख्रिस्ती. राजाचा हात लागला की श्रद्धा नासते, या काळजीने त्याने त्या दोघांमध्ये भिंत मागितली. आपल्याकडे निधर्मीपणा म्हणजे देव न मानणाऱ्यांचे खूळ असे समजणाऱ्यांना त्याचे उदाहरण जरूर दे.

प्रश्न : चर्चने ही सक्तीची भूमिका अधिकृतपणे कधी सोडली? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : गोव्याचे इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले ते पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या हुकुमाने. १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. तेव्हाही पुढाकार चर्चचा नव्हता. कॅथलिक चर्चने तत्त्व म्हणून धर्मस्वातंत्र्य मान्य केले ते थेट ७ डिसेंबर १९६५ रोजी, जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २३०८ विरुद्ध ७० मतांनी. त्या मसुद्यामागे अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांचे मोठे काम होते. दहाच वर्षांपूर्वी याच विषयावर लिहायला त्यांना वरिष्ठांनी मनाई केली होती.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेत शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरल्याची कबुली कार्डिनल रात्झिंगर यांनी वाचली. जुन्या रोमन इन्क्विझिशनच्या जागी आलेल्या खात्याचेच ते तेव्हा प्रमुख होते, म्हणून मला त्या कबुलीचे मोल वाटते. पण तिच्यात कोणत्या गावाचे, कोणत्या माणसाचे नाव नव्हते. कातारिना द ओर्ताचे नाव घेऊन, कुंकळ्ळीच्या नायकांचे नाव घेऊन, जुन्या गोव्यातच, कोकणीत आणि मराठीत ती क्षमा मागितली जावी असे मला वाटते. आमच्या बिशपांना तसे पत्र मी लिहिले आहे. ज्या ख्रिस्ती वाचकांना हे पटते त्यांनीही आपापल्या बिशपांना लिहावे.